घाटावरून कोकणातल्या शाळेत येताय? लसींचं कार्ड हाताशी ठेवा

बीड-लातूरकडून रत्नागिरी, सिंधुदुर्गात झेडपीच्या शाळेवर रुजू होणारे गुरुजी-बाई असोत, नाहीतर चिरेखाणीवर (जांभा दगडाच्या खाणीवर) किंवा आंब्याच्या बागेत कामाला येणारं कुटुंब, आधी खोली शोधतात, मग पोरांचे दाखले. लसींचं कार्ड राहतं ट्रंकेच्या तळाशी. मी मूळची बीडकडची, इथला संसार आता जुना झालाय, म्हणून हक्कानं सांगते: ते कार्ड वर काढा.

शाळा लस देत नाही, ती जागा देते. सुई टोचतात उपकेंद्राच्या नर्सबाई, आणि त्यांची यादी बनते आशाताईंच्या घरभेटींतून. आपल्याकडं सगळं गाव एका पाराभोवती असतं. इथं एकेक वाडी वेगळ्या उतारावर, मध्ये पऱ्या म्हणजे ओढा, त्यावर साकव म्हणजे छोटा पूल. चिरेखाणीवरची झोपडी किंवा बागेतली खोली बहुतेक वेळा कुठल्याच वाडीत धरली जात नाही, आणि तिथलीच पोरं यादीतून सुटतात. म्हणून कुणी विचारायला येईल याची वाट बघू नका. अंगणवाडीत जा, आशाताईंना गाठा, राहता कुठं ते बागमालकाच्या किंवा खाणीच्या नावानिशी सांगा. रेशनकार्ड कुठलं, आधारवर पत्ता कुठला, याचा सरकारी लसीशी संबंध नाही. ती फुकट आहे, परराज्यातून आलेल्यांनाही.

शाळेच्या वयात या तीन मात्रा विसरू नका. 5 ते 6 वर्षांत डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वाताच्या लसीचा) दुसरा बूस्टर, म्हणजे साधारण पहिलीत. मग 10 व्या वर्षी टीडी आणि 16 व्या वर्षी पुन्हा टीडी, म्हणजे पाचवी आणि दहावीच्या आसपास. टीडीत धनुर्वात आणि घटसर्प दोन्ही येतात. पहिलीतली मात्रा बऱ्याचदा राहून जाते, कारण दीड वर्षाचा डोस झाला की आईबापांना वाटतं, संपलं.

मधली मात्रा चुकली तर पहिल्यापासून सुरुवात करत नाहीत, राहिली तिथून पुढं देतात. पण काही लसींना वयाची मर्यादा असते. सरकारी कार्यक्रमात गोवर-रुबेला 5 वर्षांपर्यंत देतात, डीपीटी 7 वर्षांपर्यंत. त्यामुळं 'दिवाळीला गावी गेल्यावर घेऊ' म्हणू नका. कार्ड हरवलं असेल तर गावच्या उपकेंद्राच्या रजिस्टरात नोंद असते. अलीकडं जन्मलेल्या मुलांची नोंद यू-विन या सरकारी लस-नोंदणी पोर्टलवरही सापडते, फक्त तेव्हा दिलेला मोबाईल नंबर आठवायला हवा.

पावसाळ्यात सत्राचा दिवस पुढं-मागं होतो. साकवावरून पाणी गेलं की नर्सबाई तरी कशा येणार? तारीख फोनवर विचारून मगच निघा. पोराला उपाशी नेऊ नका, दहावीतले उंच गडीच चक्कर येऊन खाली बसतात. टोचल्यावर अर्धा तास तिथंच थांबा. रात्री थोडा ताप आला, दंड दुखला तर घाबरू नका. मागच्या सुईला अंगावर पित्त उठलं होतं किंवा श्वास लागला होता, तर ते आधी सांगा.

गुरुजी-बाईंनी स्वतःचंही बघावं. शाळेच्या आवारात कुत्रा चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. हळद-चुना लावून बसायचं नाही. रेबीजची लस वेळापत्रकाप्रमाणं पूर्ण घ्यावी लागते. चावून रक्त आलं असेल तर सोबत वेगळं इंजेक्शनही लागतं. ते जवळच्या केंद्रात नसलं तर कुठं मिळेल, हे तिथूनच विचारून घ्या.

लेप्टोची, म्हणजे उंदीर-गुरांच्या मुतानं खराब झालेल्या पाण्या-चिखलातून होणाऱ्या तापाची, लस मात्र शाळेत मिळत नाही. भातलावणीच्या दिवसांत पोरं अनवाणी चिखलात असतात, पायाला जखम असली तर खाचरात उतरू देऊ नका. ताप आणि अंगदुखी दिसली की डॉक्टरांना 'शेतात गेला होता' हे आठवणीनं सांगा. दोडामार्ग, बांदा भागात बदली झाली असेल तर गोचिडीतून पसरणाऱ्या माकडतापापासून काय जपायचं, तेही विचारून ठेवा. तिथं मेलेलं माकड दिसलं की जवळ जायचं नाही, लगेच आरोग्य केंद्राला कळवायचं.