धरमतर ते गेटवे : पाण्यात उतरण्याआधीची तयारी

रायगडमधलं धरमतर ते मुंबईचं गेटवे ऑफ इंडिया हे अंतर साधारण ३६ किलोमीटर आहे. मी नेरूळला राहते, नोकरी करते आणि येत्या फेब्रुवारीत हे अंतर पोहायचं ठरवलं आहे. गेल्या वर्षी घारापुरी ते गेटवे पोहले, तेव्हा जे चुकलं आणि जे जमलं, त्यावरून ही यादी तयार झाली. ठाणे-नवी मुंबईतल्या ज्यांना तलावातून समुद्राकडे जायचं आहे, त्यांच्या उपयोगी पडावी म्हणून सविस्तर लिहिते. यादीतल्या प्रत्येक गोष्टीमागे एकच कारण आहे. पाण्यात पाच-सहा तास झाले की डोकं नीट चालत नाही. त्यामुळे एकही निर्णय पाण्यात घ्यायला शिल्लक ठेवायचा नाही. काय प्यायचं, होडीच्या कुठल्या अंगाने जायचं, बाहेर कधी यायचं, हे सगळं जमिनीवर ठरवून मगच उतरायचं.

पहिलं काम कॅलेंडरचं, तेही तिथीचं. आपल्याकडच्या कोळ्यांचा जुना हिशेब आहे: तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठ गुणिले पाऊण, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या आसपास. नेमकी मिनिटं छापील भरती-ओहोटीच्या तक्त्यातून घ्या, पण हा हिशेब तोंडपाठ असला की नाखव्याशी बोलताना आपण कोरे राहत नाही. धरमतर खाडीच्या आत आहे. ओहोटीचं पाणी तुम्हाला खाडीतून रेवस-करंजाच्या तोंडाकडे नेतं आणि तिथून पुढे भरतीचं पाणी बंदरात आत ढकलतं. म्हणजे भरती पूर्ण भरत आली की उतरायचं आणि पाणी फिरायच्या आत खाडीचं तोंड ओलांडायचं. ओहोटीचे साधारण सहा तास हातात असतात. तोपर्यंत तोंड गाठलं नाही, तर तीच खाडी तुम्हाला परत आत ओढायला लागते. करंजाच्या नाखव्याने मला हे समजावलं तेव्हा एक वाक्य सांगितलं, ते मी डायरीत लिहून ठेवलंय: ‘ताई, हात तुमचे, पण गाडी पाण्याची.’

उधाणाला (पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला) ओढ जोरात असते, भांगाला (अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला) मंद. मी चतुर्थीच्या आसपासची तारीख मागितली आहे. चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, पहाटे तीनची भरती. उधाण ओसरत आलेलं असतं, त्यामुळे ओढ मदतीला पुरते, पण एखादी चूक झाली तर सावरता येईल इतकीच. शिवाय अंधारातले तास तीन-साडेतीनच राहतात. पहिलाच मोठा पल्ला असेल तर मध्यरात्री उतरून सहा-सात तास काळोखात पोहण्यापेक्षा हे मला शहाणपणाचं वाटतं.

तारीख ठरली की परवानग्यांच्या मागे लागा आणि तीन-चार महिने आधीच लागा. जलतरण संघटनेकडे अर्ज, त्यांचा निरीक्षक, बंदर आणि पोलीस यांची पत्रं, डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र. वाटेत जहाजं, बार्ज, लाँच, नौदलाचा भाग आहे. परवानगीशिवाय उतरणं हा विचारही मनात आणू नका. डॉक्टरांकडे जाल तेव्हा टायफॉइड आणि कावीळ अ (हिपॅटायटिस ए) यांच्या लसींबद्दल विचारून घ्या, कारण बंदराचं पाणी तोंडात जातंच.

आता सराव. आपल्या बहुतेकांचा तलाव २५ मीटरचा आणि बॅच पाऊण-एक तासाची. ३६ किलोमीटर म्हणजे अशा तलावात १,४४० फेऱ्या. हा आकडा ऐकून घाबरू नका, एकदम मारायच्या नाहीतच. माझा आठवडा असा आहे: चार दिवस सकाळची बॅच, त्यातले दोन दिवस सलग संथ, एक दिवस शंभर-शंभरचे वेगाचे तुकडे, एक दिवस फक्त हातांची फेक सुधारण्यासाठी. रविवारी दोन बॅच जोडून घेते. त्यासाठी तलावाच्या व्यवस्थापकांना आणि जीवरक्षक दादांना भेटून कारण नीट सांगितलं आणि त्यांनी मनापासून मदत केली. सगळ्यात जास्त भरलेल्या आठवड्यांत एकूण अंतर ३० किलोमीटरच्या पुढे न्यायचं आहे. पण तिथपर्यंत दर आठवड्याला थोडं थोडं वाढवत जायचं आणि दर चौथ्या आठवड्याला कमी करायचं. खांदा दुखावला की महिने जातात. रबरी पट्टा दाराच्या कडीला बांधून रोज दहा मिनिटं खांद्याचे व्यायाम करते, दात घासण्याइतक्या नेमाने.

दोन्ही बाजूंनी श्वास घ्यायला शिका. समुद्रात लाट एका बाजूने येत राहिली की तिकडून श्वास घेता येत नाही. दर आठ-दहा हातांनंतर डोळे पाण्याच्या जेमतेम वर काढून समोर बघायची सवयही तलावातच लागते. मान पूर्ण उचलली की पाय बुडतात, म्हणून मगरीसारखे फक्त डोळे. तलावात पुढच्या भिंतीवर एक खूण ठरवा आणि तीच शोधत राहा.

खऱ्या पाण्याची सवय मात्र तलावात होत नाही. ठाणे खाडीत उतरायचा मोह कुणी करू नये. ती खाडी रोहित पक्ष्यांची आहे, २०२२ पासून रामसर स्थळांच्या (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या) यादीत आहे. आपल्यासाठी तिथे चिखल, सांडपाणी आणि रुतणारे पाय. उपवन किंवा येऊरच्या बाजूचे तलाव आणि ओढेही नकोत, तिथे दरवर्षी बुडून जीव जातात. मी सरावाला उरणकडे जाते. १२ जानेवारी २०२४ पासून लोकल उरणपर्यंत धावते, त्यामुळे नेरूळहून हे फार सोपं झालंय. करंजाला नाखव्याची होडी ठरवलेली असते आणि होडीशिवाय मी एक हातही मारत नाही. मालवणला चिवला बीचवर दरवर्षी होणाऱ्या सागरी स्पर्धेत एकदा तरी उतरा. शेकडो माणसांसोबत लाटेत शिरताना छाती कशी धडधडते, हे आधी कळलेलं बरं. जून ते सप्टेंबर समुद्र बंद समजा. पावसाळ्यात आणि लगेच नंतर निळ्या फुग्यांसारखे डंख मारणारे जीव किनाऱ्याला येतात. डंख झालाच तर चोळू नका, गोडं पाणी ओतू नका. समुद्राच्याच पाण्याने धुऊन तंतू चिमट्याने काढा, नंतर सोसेल इतक्या गरम पाण्याने शेका. श्वास जड वाटला तर थेट दवाखाना.

खाण्यापिण्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आहे, कारण घारापुरीला तिथेच फसले. आदल्या दिवशी कुणीतरी दिलेली नवीन एनर्जी जेलची पाकिटं घेतली, कधी चाखलीही नव्हती. दीड तासाने पहिलं घेतलं आणि वीस मिनिटांत ओकले. पुढचे दोन तास पोटात काही ठरेना. आता नियम एकच: जे सरावात पाच वेळा पचलं नाही, ते होडीत चढणार नाही. माझं ठरलेलं असं: गाळून पातळ केलेली नाचणीची पेज, गूळ आणि मीठ घालून, थर्मासमध्ये कोमट. आलटून पालटून माल्टोडेक्स्ट्रिनचं (चटकन पचणाऱ्या कर्बोदकांच्या पावडरीचं) पाणी. तासाला साधारण ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जावीत असा हिशेब. मध्ये केळ्याचे पातळ काप, मीठ लावलेला उकडलेला बटाटा. चौथ्या तासानंतर मिठाने जीभ सुजल्यासारखी होते, गोडाची चव जाते. तेव्हा एक घोट माउथवॉशने चूळ भरली की पुढचं गिळता येतं. ही बाटली विसरू नका.

पिण्याची रीतही सरावाचा भाग आहे. नियमानुसार होडीला हात लावायचा नाही, कुणी तुम्हाला धरायचं नाही. म्हणून रुंद तोंडाची बाटली, तिच्या गळ्याला पाच-सहा मीटर नायलॉनची दोरी, दुसरं टोक होडीतल्या माणसाच्या मनगटाला. बाटली पाण्यात टाकली की मी पाठीवर वळते, पाय मारत राहते, तीन-चार मोठे घोट घेते, बाटली सोडून देते. तीस सेकंद. दहा तासांच्या पोहण्यात दर अर्ध्या तासाने प्यायचं तर एकोणीस-वीस वेळा थांबणं होतं. दर वेळी एक मिनिट जास्त गेलं, तर वीस मिनिटं नुसती तरंगण्यात जातात आणि पाणी फिरायची वेळ तेवढी जवळ येते. मी दर रविवारी तलावात भिंतीला हात न लावता असं प्यायचा सराव करते. माझी सोळा वर्षांची भाची काठावर बसून मोबाइलवर वेळ लावते आणि पस्तीस सेकंद झाले की ओरडते, ‘मावशी, सोड!’

सामानाची पिशवी आदल्या रात्री नाही, दोन दिवस आधी भरा. पोहण्याचा पोशाख जुनाच, सरावात वापरलेला. नवा पट्टा कुठे घासेल सांगता येत नाही. चष्मे तीन: अंधारासाठी पारदर्शक, उजेडासाठी गडद, एक जादा. गडद चष्मा उजाडल्यानंतरच्या पहिल्या प्यायच्या वेळी बदलायचा, हेही आधीच ठरलेलं. टोपीला आणि पोशाखाच्या पाठीमागे एकेक छोटा दिवा. काखेत, मानेला, पट्ट्यांखाली आणि मांड्यांच्या आत व्हॅसलीन जाड थापायचं, पण ते दुसऱ्याने हातमोजे घालून. घारापुरीला मी स्वतःच्या बोटांनी लावलं आणि त्याच बोटांनी चष्मा डोळ्यांवर ओढला. काचेवर तेलकट थर बसला आणि पुढचा सगळा वेळ गेटवे मला धुक्यात दिसत होतं. समुद्राच्या पाण्याने तो निघत नाही. आता पिशवीत हातमोज्यांचे दोन जोड आहेत. मानेला आणि पायांच्या मागच्या बाजूला व्हॅसलीनच्या आधी सनस्क्रीन, कारण शेवटचे चार-पाच तास उन्हातले.

होडी ठरवताना तिचा धूर कुठे जातो ते बघा. डिझेलचा धूर नाकात गेला की पोट ढवळतं. मी वाऱ्याच्या अंगाने, होडीच्या मध्याजवळ पोहणार, म्हणजे धूर पलीकडे जातो. लाट फार उठली तर आडोशाच्या बाजूला यायचं, आणि तो इशारा तांडेलने (होडी चालवणाऱ्याने) द्यायचा, मी नाही.

होडीतली माणसं ही या यादीतली सर्वांत मोठी गोष्ट आहे. माझ्यासोबत दादा असणार, शिवाय एक पोहणारी मैत्रीण, जी गरज पडली तर पाण्यात उडी मारू शकते. ज्याला बोट लागते त्याला प्रेमापोटीही नेऊ नका. दादाने दर अर्ध्या तासाने वहीत चार गोष्टी लिहायच्या: वेळ, काय प्यायले, लघवी झाली का, आणि मिनिटाला किती हात पडतात. माझे साधारण ६० पडतात. ते ५० वर आले, किंवा मी भाचीचं नाव आणि घराचा पत्ता नीट सांगू शकले नाही, किंवा तीन तास लघवीच झाली नाही, तर काहीतरी बिघडतंय. ‘बरी आहेस ना?’ असं विचारायचं नाही. त्याला उत्तर नेहमी ‘हो’च येतं.

आणि बाहेर काढायचा निर्णय दादाचा. हे आम्ही स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून बोललो, तेव्हा आई तिथेच भाजी निवडत होती. दादा म्हणाला, ‘गेटवे समोर दिसत असेल आणि तू रडून सांगितलंस तरी?’ मी म्हटलं, ‘तरीही.’ कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या. पुण्याचा रोहन मोरे २०१८ मध्ये जगातल्या ‘ओशन्स सेव्हन’ म्हणवल्या जाणाऱ्या सात समुद्रधुन्या पोहून पूर्ण करणारा पहिला आशियाई ठरला. त्या सातांपैकी इंग्लिश खाडीसाठी तर १६ अंशांखालच्या पाण्यात सहा तास पोहून दाखवल्याशिवाय नावच घेत नाहीत. तिथे गारठा माणसाला फसवतो. आपल्याकडे ऊन आणि तहान फसवते, आणि फसलेल्याला ते कळत नाही, म्हणून ती सही.

शेवटचा आठवडा हलका. रोज दीड किलोमीटर, झोप पूर्ण, बाहेरचं खाणं बंद, अंगावर कापलेलं-खरचटलेलं काही नको. आदल्या दिवशी दुपारी चारला भरपूर भात-वरण आणि आठला झोप, कारण रात्री बाराला नेरूळहून निघायचं आहे.

गेटवेला पोहोचल्यावरची पिशवी वेगळी ठेवा आणि ती होडीत नको, किनाऱ्यावरच्या माणसाकडे द्या. इतके तास आडवं राहिल्यावर उभं राहताच चक्कर येते आणि तिथल्या पायऱ्या शेवाळाने निसरड्या असतात. दोन पायऱ्या हातांवर चढा, बसा, मग उठा. पिशवीत मोठा पंचा, पुढून बटणांचा सैल सदरा (हात वर होत नाहीत), रबरी चपला, गोड्या पाण्याची मोठी बाटली, कानात टाकायचं डॉक्टरांनी दिलेलं औषध आणि थर्मासमध्ये उरलेली पेज.