बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींसोबत संशोधन करताय? या चुका टाळा

एमएसडब्ल्यू, एम.एड. किंवा पीएच.डी.साठी कोल्हापूर परिसरातल्या विशेष शाळांत आणि अशा प्रौढांना काम देणाऱ्या कार्यशाळांत माहिती गोळा करून लिहिलेले प्रबंध वाचताना एक गोष्ट फार खटकते. शीर्षक असतं ‘बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांचे जीवनमान’, आणि आत सगळी उत्तरं आईची, नाहीतर शिक्षिकेची. ज्याच्या जगण्यावर एवढी पानं लिहिली, त्याला एकही प्रश्न विचारलेला नसतो. ‘त्यांना सांगता येत नाही’ असं म्हणून विषय मिटवलेला असतो. खरं तर गाडी बहुतेक वेळा आपल्या विचारण्यापाशीच अडते, आणि ती दुरुस्त करता येते.

आईला विचारूच नये, असं नाही. मुलगा केएमटीच्या (शहर वाहतुकीच्या) बसनं एकटा जातो का, औषध स्वतः घेतो का, अशा डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींत घरच्यांचं आणि त्याचं उत्तर बऱ्यापैकी जुळतं. एकटं वाटतं का, कशाची भीती वाटते, लग्न करावंसं वाटतं का, इथं मात्र फरक पडतो. आईचं उत्तर वेगळ्या रकान्यात, आईचं म्हणूनच लिहा. त्याच्या नावावर खपवू नका.

मुख्याध्यापकांचं पत्र म्हणजे संमती नव्हे

ही चूक सर्वांत जास्त होते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६च्या कलम ६ नुसार संशोधनासाठी त्या व्यक्तीची स्वतःची, मोकळेपणानं आणि समजून दिलेली संमती लागते, आणि तीही तिला समजेल अशा पद्धतीनं घेतलेली. शिवाय शासनानं नेमलेल्या समितीची आधी परवानगी लागते. त्या समितीत निम्मे तरी सदस्य स्वतः दिव्यांग किंवा दिव्यांगांच्या नोंदणीकृत संस्थांचे असावे लागतात. अठरा वर्षं पूर्ण झाली की आई-वडील कायद्यानं आपोआप पालक राहत नाहीत. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्थानिक समितीकडून पालकत्व घ्यावं लागतं. म्हणून प्रौढाच्या बाबतीत ‘वडिलांची सही आहे की’ एवढ्यावर थांबू नका. पालकत्वाचा कागद असला तरी त्याला स्वतःला विचारायचंच.

संमतीपत्र एका पानाचं, मोठ्या अक्षरांत, एका ओळीत एकच गोष्ट आणि शेजारी चित्र, असं करा. वाचून झाल्यावर ‘समजलं ना?’ विचारू नका, कारण उत्तर ‘हो’च येणार. त्याऐवजी विचारा, ‘मी आज तुमच्याशी कशाबद्दल बोलणार आहे? मध्येच थांबावंसं वाटलं तर काय कराल?’ हे त्याला आपल्या शब्दांत सांगता आलं, तर पुढं जा. ‘थांबा’ म्हणण्यासाठी लाल कार्ड हातात द्या आणि ते वर करण्याचा सराव आधीच एकदा करून घ्या. दुसऱ्या भेटीत पुन्हा विचारा. खुर्ची मागं सरकवणं, तोंड फिरवणं, सारखं दाराकडं बघणं हाही नकारच आहे. तिथं थांबायचं.

सगळेच ‘हो’ म्हणतायत?

कार्यशाळेत द्रोण करणाऱ्या एखाद्या दादाला विचारून बघा.

‘इथलं काम आवडतं का?’
‘व्हय.’
‘कंटाळा येतो का?’
‘व्हय.’

दोन्ही उत्तरं तक्त्यात भरली की निष्कर्ष निघतो, उत्तरं भरवशाची नाहीत. अमेरिकेत कॅरोल सिगलमन आणि सहकाऱ्यांनी १९८१मध्ये हेच दाखवलं होतं. हो-नाही प्रश्नाला ‘हो’ म्हणण्याकडं कल असतो, अगदी उलटसुलट प्रश्न विचारले तरी. आयुष्यभर मोठ्या माणसांनी ‘हो’ म्हटल्यावरच शाबासकी दिली असेल, तर दुसरं काय होणार?

उपाय आहेत. पर्याय देऊन विचारा: ‘द्रोण करायला आवडतं, की पिशव्या?’ पण इथंही शेवटचा पर्याय उचलला जातो, म्हणून थोड्या वेळानं क्रम बदलून विचारा. त्याच कार्यशाळेत काढलेले फोटो समोर ठेवा, डावं-उजवं अदलाबदल करा. उत्तर तेच आलं तर धरा. त्याहून चांगलं म्हणजे, ‘सकाळी इथं आल्यापासून काय काय केलंस ते दाखव’ म्हणून त्याच्यामागून चाला. बसून मिळालं नसतं ते मशीनपाशी उभं राहून मिळतं.

पाच पायऱ्यांची ‘पूर्णपणे सहमत ते पूर्णपणे असहमत’ पट्टी बहुतेकांना झेपत नाही. हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची पट्टी सोपी दिसते, पण हसरा चेहरा गोड दिसतो म्हणूनही बोट तिथं जातं. आधी तीन पेल्यांत कमी-जास्त पाणी घेऊन सगळ्यांत जास्त कुठं, मधलं कुठलं, एवढं विचारा. मधलं ओळखता आलं तरच तीन पायऱ्यांची पट्टी वापरा, नाहीतर दोनच ठेवा.

‘किती वर्षांपासून?’, ‘महिन्यातून किती वेळा?’ हे प्रश्न तर काढूनच टाका. ‘जोतिबाच्या यात्रेच्या आधी की नंतर?’, ‘गेल्या दसऱ्याला तू इथं कामाला होतास का?’ असं विचारलं की आठवण जागेवर बसते.

मुलाखत ऑफिसात, शिक्षिका शेजारी बसलेल्या असताना घेऊ नका. मग ती तोंडी परीक्षा होते. टेबलाच्या एकाच बाजूला बसा, रेकॉर्डरचं बटण त्याला दाबू द्या. आणि पस्तीस वर्षांच्या माणसाला ‘बाळा’ म्हणू नका. दादा, ताई म्हणा. त्याला चालत असेल तर ‘अरे-तुरे’ करा, पण आधी विचारून. वीस मिनिटांनंतर चहा. एका बैठकीत सगळं उरकायची घाई करू नका.

जे बोलत नाहीत त्यांना ‘प्रतिसाद नाही’ म्हणून वगळतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्यांच्यासाठी निरीक्षण आहे, चित्रफलक आहेत. मोबाईल देऊन ‘तुला आवडतात ते, नको वाटतात ते फोटो काढ’ असंही म्हणता येतं. रंकाळा तलावाकाठचा बाक, बंद दार, बसची उंच पायरी. त्या फोटोंत प्रबंधाचं अख्खं प्रकरण असू शकतं. फक्त फोटोत आलेल्या इतरांची परवानगी घ्या, आणि यातलं काहीही स्वतःच्या स्टेटसला टाकू नका.

लिहून काढताना त्यांची बोली प्रमाण मराठीत धुऊन काढू नका. ‘मला न्हाई जायचं तकडं’ हे ‘तेथे जाण्याची इच्छा नसल्याचे सांगितले’ झालं की माणूस नाहीसा होतो.

आणि प्रश्नावली छापण्याआधीच कार्यशाळेतल्या दोघा-तिघांना ती वाचून दाखवा. कुठला प्रश्न कळत नाही, कुठला विचारू नये, ते तेच सांगतील. या वेळेचं मानधन द्या, आभारात त्यांना विचारून नावं घाला. प्रबंध जमा करायच्या आधी दोन पानांचा सोपा अहवाल चित्रांसह घेऊन पुन्हा कार्यशाळेत जा. वाचून दाखवल्यावर कुणी ‘असं नव्हतं म्हणालो मी’ म्हणालं, तर दुरुस्तीला वेळ हवा. म्हणून वेळापत्रकात त्यासाठी महिनाभर आधीच धरून ठेवा.