बुडालेल्या नौदल टगबोटीचा इतिहास कसा जुळवायचा: ‘नवाहो’ आणि ‘सेमिनोल’ यांच्या कागदांवरून

क्रूझरचा किंवा विमानवाहू नौकेचा इतिहास तिच्या स्वतःच्या नावाखाली सापडतो. टगबोटीचा तसा सापडत नाही. दुसऱ्यांची जखमी जहाजं ओढून आणणं हेच तिचं काम, त्यामुळे तिच्या कामगिरीची खरी नोंद ओढल्या गेलेल्या जहाजाच्या कागदांत असते. फक्त टगचं नाव शोधत बसलात तर दोन परिच्छेदांपलीकडे काही हाती लागणार नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन नौदलाचे कागद बरेचसे ऑनलाइन आणि फुकट आहेत, म्हणून इथे त्याच नौदलाच्या दोन टग घेतल्या आहेत. त्या आहेत ‘नवाहो’ (एटी-६४) आणि ‘सेमिनोल’ (एटी-६५).

आधी बोटीची ओळख पक्की करा. नौदल नावं पुन्हा पुन्हा वापरतं. ‘नवाहो’ नावाच्या टग पुढेही झाल्या आणि युद्धाच्या शेवटी ‘सेमिनोल’ नावाचं मालवाहू जहाज आलं. म्हणून नाव, क्रमांक आणि नौदलात दाखल झाल्याची तारीख या तिन्ही गोष्टी वहीच्या पहिल्या पानावर लिहा. ‘नवाहो’ २६ जानेवारी १९४० रोजी दाखल झाली, ‘सेमिनोल’ ८ मार्च १९४० रोजी. दोघी न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर बांधलेल्या, २०५ फूट लांब, डिझेल-इलेक्ट्रिक. या वर्गाचं चिन्ह ‘एटी’वरून ‘एटीएफ’ झालं ते १५ मे १९४४ ला, म्हणजे या दोघी बुडाल्यानंतर. म्हणून शोधताना ‘एटी’च टाका, तेही रोमन अक्षरांत.

मग नौदलाच्या इतिहास विभागाच्या जहाजकोशातली नोंद वाचा. तिचा उपयोग सांगाड्यापुरता करा: तारखा, बंदरं आणि इतर जहाजांची नावं वेगळी काढा. यातली इतर जहाजांची नावं सगळ्यात मोलाची.

यानंतर अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची ऑनलाइन सूची उघडा. युद्धदैनंदिनी आणि लढाईचे अहवाल रेकॉर्ड ग्रुप ३८ मध्ये (रेकॉर्ड ग्रुप म्हणजे तिथल्या कागदांचा क्रमांक दिलेला गट) आहेत, डेकलॉग (जहाजावरची रोजची नोंदवही) रेकॉर्ड ग्रुप २४ मध्ये. युद्धदैनंदिनी सहसा महिन्याची एक असते. डेकलॉगही महिन्याच्या हिशेबानेच वरिष्ठांकडे जायचा, आणि नवखे लोक अडतात ते इथेच. बोट महिन्याच्या मध्यात बुडाली की त्या महिन्याचा लॉग तिच्याबरोबरच तळाला जातो. शेवटचे दिवस जुळवायला मग तीन कागद उरतात: वाचलेल्या अधिकाऱ्याचा नुकसानीचा अहवाल, सोबतच्या किंवा वाचवणाऱ्या जहाजांचे लॉग, आणि त्या भागातल्या वरिष्ठ मुख्यालयाची दैनंदिनी. तिन्ही मागवा.

ओढकामाची वही वेगळी ठेवा. रकाने असे: तारीख, ओढलेलं जहाज, दोर कुणाकडून घेतला, कुठून, कुठे, वेग, दोर कधी आणि का सुटला. ३० जानेवारी १९४३ चं पान भरून बघा. सॉलोमन बेटांतल्या रेनेलजवळ आदल्या रात्री क्रूझर ‘शिकागो’ला हवाई टॉर्पेडो लागले. ‘लुईव्हिल’ या दुसऱ्या क्रूझरने तिला ओढायला घेतलं आणि सकाळी दोर ‘नवाहो’कडे आला. दुपारी पुन्हा हल्ला झाला, आणखी चार टॉर्पेडो लागले आणि ‘शिकागो’ सुमारे वीस मिनिटांत बुडाली. ‘नवाहो’ आणि सोबतच्या विनाशिकांनी मिळून १,०४९ माणसं पाण्यातून काढली. त्याच हल्ल्यात जखमी झालेल्या ‘ला व्हॅलेट’ या विनाशिकेला ‘नवाहो’ने एस्पिरितू सांतो या दक्षिण प्रशांतातल्या अमेरिकन तळावर नेलं. या एका दिवसासाठी चार जहाजांचे कागद लागतात, आणि टगचं मोठेपण त्या इतरांच्या कागदांतच दिसतं.

वेग आणि अंतर ताडून घ्यायला विसरू नका. ४ नॉटने (तासाला ४ सागरी मैल) चोवीस तासांत ९६ सागरी मैल होतात, म्हणजे सुमारे १७८ किलोमीटर. मोठं जहाज ओढत असताना तुमच्या वहीत याच्या तिप्पट अंतर पडलं असेल, तर तारीख तरी चुकली आहे किंवा मधला एखादा थांबा निसटला आहे.

सगळ्यात जास्त घोळ वेळेचा होतो. ग्वाडलकनालला अमेरिकन जहाजं ग्रिनिचपेक्षा ११ तास पुढची वेळ पाळत, पण नौदलाच्या पद्धतीत ती ‘उणे ११’ लिहितात, कारण ग्रिनिच काढायला ११ वजा करायचे असतात. आपल्या सवयीच्या उलट चिन्ह! जपानी नौदल टोकियोची वेळ लिहायचं, म्हणजे दोन तास मागे. २५ ऑक्टोबर १९४२ रोजी ‘अकात्सुकी’, ‘इकाझुची’ आणि ‘शिरात्सुयु’ या तीन विनाशिकांनी ‘सेमिनोल’ आणि तिच्याबरोबरची गस्तीबोट वायपी-२८४ यांना गाठून बुडवलं. अमेरिकन कागदात १०:५० असेल तर जपानी कागदात तोच क्षण ८:५० ला शोधा. ‘नवाहो’च्या बाबतीत तारीखही सरकते. ती वायओजी-४२ हा पेट्रोलचा बार्ज (ओढून न्यायची सपाट मालबोट) ओढत सामोआकडून एस्पिरितू सांतोला निघाली होती आणि मध्ये वाररेषा येते. बुडाल्याची तारीख १२ सप्टेंबर १९४३. तरी प्रत्येक नोंद रेषेच्या कुठल्या बाजूची, हे समासात लिहून ठेवा.

बुडण्याचं कारण लिहिताना ‘त्या वेळी काय कळलं’ आणि ‘नंतर काय कळलं’ असे दोन रकाने करा. पाण्याखालून टॉर्पेडो लागला की डेकवरच्या माणसाला स्फोट कळतो, पाणबुडीचा क्रमांक कळत नाही. ‘नवाहो’चं बुडणं आय-३९ या जपानी पाणबुडीच्या नावावर आहे, पण ती पाणबुडी स्वतः नोव्हेंबर १९४३ मध्ये सर्व खलाशांसह गेली. त्यामुळे तिचा लॉग शोधण्यात वेळ घालवू नका. तळाला किंवा मुख्यालयाला पाठवलेल्या संदेशांच्या नोंदी बघा. जपानच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या आशिया-ऐतिहासिक केंद्रात अशी कागदपत्रं ऑनलाइन आहेत. ‘सेमिनोल’चं कारण उघड्यावरचं होतं. तिच्यावर जवळून चिलखतभेदी तोफगोळे पडले आणि मृत एकच. एवढी बोट जळून एकच मृत, हा आकडा चुकीचा वाटून खोडू नका. असे गोळे पातळ पत्र्यातून न फुटता आरपार जातात.

शेवटी माणसं. खलाशांच्या हजेरीपटांत आधी बुडण्याअगोदरचा शेवटचा पट घ्या, मग बुडाल्यानंतरचा बदलांचा पट, आणि नाव न् नाव ताडा. बेपत्ता खलाशांची नावं मनिला आणि होनोलुलू या दोन्ही स्मारकांवर शोधा. तिथल्या मृत्यूच्या तारखेवरून बुडण्याची तारीख ठरवू नका. बेपत्ता माणसाला कायद्याने मृत धरायला साधारण वर्ष जायचं, म्हणून बोट बुडाल्याच्या पुढच्या वर्षीची तारीख दिसली तरी तो खलाशी त्याच बोटीवरचा असू शकतो.