मात करायची अजब कोडी रचताना या चुका टाळा

बुद्धिबळाच्या पटावर एक छोटी मांडणी लावा. (घरांची नावं अशी: उभ्या रांगा पांढऱ्याच्या डावीकडून ए ते एच, आडव्या पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८.) पांढरा राजा सी६ वर, पांढरं प्यादं सी७ वर, काळा राजा ए७ वर. पाळी पांढऱ्याची, दोन चालींत मात करायची.

प्यादं आठव्या रांगेत पोचलं की त्याचा वजीर, हत्ती, उंट किंवा घोडा करता येतो, ही त्याची बढती. हात आपोआप प्याद्याचा वजीर करायला जातो. पण सी८ वरचा वजीर ए८, बी८, बी७ आणि ए६ ही चारही घरं अडवून धरतो, बी६ वर पांढऱ्या राजाचा पहारा आहे, आणि काळ्याला शह मात्र बसलेला नाही. शह नाही आणि चालही उरलेली नाही: हा स्टेलमेट, डाव बरोबरीत. म्हणून प्याद्याचा हत्ती करायचा. आता काळ्या राजाला ए६ हे एकच घर मोकळं राहतं. तो तिथे गेला की हत्ती ए८ वर, मात.

पटावर मोहरी तीनच आहेत, तरी कोडं पुरं आहे. 'वजीर सोडून हत्ती कशाला घ्यायचा?' या प्रश्नाचं उत्तर पटच देतो, लेखकाला ते कुठे लिहावं लागत नाही. अजब कोड्याचं मर्म मला इथेच दिसतं. विचित्र चाल ही एकमेव चाल असली पाहिजे, आणि ती एकमेव का आहे याचं कारण पटावर दिसलं पाहिजे. पुढे ज्या चुका सांगतो आहे, त्यांतल्या बहुतेक हे कारण नकळत पुसून टाकतात.

शोभेचं मोहरं

सगळ्यात जास्त कोडी या चुकीने मरतात. तीन मोहऱ्यांचा पट ओकाबोका वाटतो, खऱ्या डावासारखा दिसावा म्हणून आपण एच७ वर एक काळं प्यादं ठेवून देतो. ते मात होते त्या जागेपासून लांब आहे, त्याने काय बिघडणार?

सगळंच बिघडतं. आता सी८ वर वजीर केला तरी स्टेलमेट होत नाही, कारण काळ्याकडे प्याद्याची चाल शिल्लक आहे. ते एच६ वर किंवा एच५ वर जातं आणि वजीर बी७ वर येऊन मात करतो. उलट हत्ती केला, तर काळा राजाला हातच लावत नाही, प्यादं पुढे सरकवतो, आणि दुसऱ्या चालीला मात उरत नाही. एका प्याद्याने बरोबर उत्तर चुकीचं झालं आणि चुकीचं उत्तर बरोबर.

माझ्या सुरुवातीच्या एका कोड्यात मी नेमकं हेच केलं होतं. ज्याला सोडवायला दिलं, त्याने क्षणात वजीर करून मात दाखवली. मी तोंड उघडायच्या आत त्याने विचारलं, "यात अवघड काय होतं?" मला तीन दिवस जपलेलं कोडं बाजूला ठेवावं लागलं.

उपाय दोन. प्यादं काढून टाका, हा पहिला आणि चांगला. काही कारणाने ते हवंच असेल तर कोंडून ठेवा: काळं एच६ वर, समोर पांढरं एच५ वर. दोघंही हलू शकत नाहीत, स्टेलमेटचा धोका परत येतो, हत्तीचं उत्तर परत खरं ठरतं. पण मग दोन मोहरी वाढली, आणि कोड्यात प्रत्येक मोहऱ्याने आपलं काम दाखवावं लागतं. मी तपासताना मोहरी एकेक करून उचलतो. उचलल्यावरही कोडं तसंच राहिलं, तर ते मोहरं परत पटावर ठेवत नाही.

दुसरी उकल

त्याच मांडणीतले दोन्ही राजे थोडे सरकवा: पांढरा राजा बी६ वर, काळा ए८ वर, प्यादं सी७ वरच. आता एका चालीत मात आहे. सी८ वर वजीर केला तरी मात, हत्ती केला तरी मात. असं कोडं 'बढतीचं कोडं' म्हणून कुणापुढे ठेवलं तर सोडवणाऱ्याने नक्की काय शोधायचं?

पहिल्या चालीला दोन पर्याय निघणं हा कोड्याचा सर्वात मोठा दोष. शेवटच्या चालीला दोन प्रकारे मात होणं त्याहून सौम्य, आणि मुख्य डावपेचाबाहेरच्या फाट्यात ते बरेचदा चालवून घेतात. पण कोडं ज्या चालीवर उभं आहे, तिथे दुसरा रस्ता निघाला की संपलं.

यात नामवंत माणसंही अडकली आहेत. १८४५ साली लंडनच्या 'चेस प्लेअर्स क्रॉनिकल' या नियतकालिकात भारतातून पाठवलेलं चार चालींत मात करायचं एक कोडं 'शागिर्द' या टोपणनावाने छापून आलं. रचणारे होते इथे राहणारे पाद्री लव्हडे. पांढरा आपला उंट दूर मागे नेतो, मग त्याच्या वाटेत स्वतःचाच हत्ती आणून उभा करतो. त्यामुळे कोंडलेल्या काळ्या राजाला एक पाऊल टाकायला जागा मिळते, स्टेलमेट टळतो, आणि हत्ती बाजूला होताच उंटाच्या उघड्या शहाने मात होते. ही कल्पना इतकी नवी होती की कोडी रचणारे आजही तिला 'इंडियन थीम' म्हणतात. मूळ मांडणीत मात्र ठरवलेल्या वाटेशिवाय इतर वाटांनीही मात निघत होती. कल्पना टिकली, मांडणी नंतरच्या लोकांनी दुरुस्त केली. नवी कल्पना हातात आली की माणूस तिच्या आनंदात असतो, आणि दोष राहतात ते त्याच वेळी.

पटावर येऊच न शकणारी मांडणी

अजब कोड्यात मांडणी कितीही विचित्र असो, ती सुरुवातीच्या मांडणीपासून नियमाने खेळत येण्याजोगी हवी. अट 'काल्पनिक मांडणी' अशी असेल तर गोष्ट वेगळी, पण मग ते आधी सांगा.

ढोबळ चुका पटकन दिसतात: पहिल्या किंवा आठव्या रांगेत प्यादं, पाळी पांढऱ्याची असताना काळ्या राजाला शह. लपलेल्या चुका जास्त त्रास देतात. पांढरी प्यादी ए२, बी२ आणि ए३ वर एकत्र असूच शकत नाहीत. ए३ वरचं प्यादं एकतर ए२ वरून सरळ आलं असणार किंवा बी२ वरून मारत आलं असणार, आणि ती दोन्ही तर अजून घरीच आहेत. बी२ आणि डी२ ची प्यादी जागची हललेली नसताना सी१ चा उंट एफ४ वर दिसला, तर तो मूळचा उंट नव्हे, बढतीने आलेला आहे. मग त्यासाठी एक प्यादं पटावरून कमी झालेलं दिसतं का, ते मोजा. एकाच उभ्या रांगेत दोन प्यादी असतील तर मारामारी झालेली आहे; समोरच्याची तेवढी मोहरी खरंच गायब आहेत का, तेही मोजा.

अडसर म्हणून मोहरं निवडताना हीच काळजी हवी. एक उदाहरण देतो. पांढरा राजा जी५, उंट ई५, प्यादं एफ७. काळा राजा एच७ आणि काळा उंट जी८. एका चालीत मात: एफ८ वर घोडा. घोड्याचा शह, जी७ आणि एच८ उंटाच्या माऱ्यात, जी६ आणि एच६ राजाच्या, आणि जी८ काळ्याच्याच उंटाने अडवलेलं. वजीर केला तर शहसुद्धा बसत नाही. जी८ चा उंट मारत वजीर केला तर राजा तो वजीर खातो. इथे काळ्या उंटाऐवजी हत्ती ठेवला तर? तो जी रांगेतून थेट पांढऱ्या राजाला शह देतो, आणि शिवाय एफ८ वरचा घोडाही खाऊ शकतो. अडसर हवा असला की आधी सगळ्यात दुबळं मोहरं लावून बघायचं.

कॅसलिंग आणि एन पासां

अजब कोड्यांचा हा लाडका प्रांत, आणि गैरसमजही इथेच सर्वाधिक. कॅसलिंगमध्ये राजा हत्तीच्या दिशेने दोन घरं सरकतो आणि हत्ती त्याच्या पलीकडे येतो; राजा किंवा तो हत्ती आधी हलला असेल तर ते करता येत नाही. एन पासां म्हणजे प्यादं दोन घरं पुढे येऊन शेजारी थांबलं की समोरच्याच्या प्याद्याने लगेच पुढच्या चालीला, ते एकच घर आल्यासारखं, त्याला मारणं. कोड्यांच्या जगात दोन रूढ नियम आहेत, आणि ते एकमेकांच्या उलटे आहेत. राजा आणि हत्ती आपापल्या मूळ घरात असतील, तर कॅसलिंग करता येतं असं धरतात, येत नाही हे सिद्ध होईपर्यंत. एन पासां मात्र करता येत नाही असं धरतात, प्यादं नुकतंच दोन घरं आलं हे सिद्ध होईपर्यंत.

समजा काळ्याकडे फक्त राजा ई८, हत्ती ए८ आणि प्यादी ए७, सी७ एवढंच आहे, आणि पाळी पांढऱ्याची आहे. म्हणजे शेवटची चाल काळ्याने केली. प्यादी तर हललेलीच नाहीत. मग हलला तो राजा किंवा हत्ती, म्हणून काळ्याचं कॅसलिंग गेलं. हा फार सुंदर पुरावा आहे, पण बी६ वर आणखी एक काळं प्यादं ठेवलं की तो कोसळतो: शेवटची चाल त्या प्याद्याची असू शकते. पुन्हा तेच शोभेचं मोहरं.

एन पासांचा पुरावा बांधणं याहून कठीण. पांढरा राजा एच५, पांढरं प्यादं एफ५, काळं प्यादं जी५. काळं प्यादं जी६ वरून एक घर आलं नाही, कारण जी६ वर असताना ते पांढऱ्या राजाला शह देत असतं आणि तेव्हा पाळी काळ्याची होती. असं घडू शकत नाही. इथपर्यंत पोचलेला रचनाकार खूश होऊन थांबतो. पण ते प्यादं एफ६ किंवा एच६ वरून मारत आलेलं असू शकतं! ती दोन्ही घरं आज भरलेली असतील, तर हे रस्ते बंद. त्यानंतर काळ्याचा राजा आणि पटावरचं प्रत्येक काळं मोहरं घेऊन विचारायचं: शेवटची चाल याची असू शकते का? एकाचंही उत्तर 'हो' आलं, तर एन पासां नाही आणि कोडंही नाही.

अट अर्धवट लिहिणं

'दोन चालींत मात' एवढ्यावर साधं कोडं चालतं. अजब कोड्याला ते पुरत नाही. हेल्पमेटमध्ये दोघं मिळून काळ्यालाच मात घडवतात आणि रूढीने पहिली चाल काळ्याची असते. सेल्फमेटमध्ये पांढरा स्वतःला मात करायला काळ्याला भाग पाडतो. हे न सांगता पट पुढे ठेवला की सोडवणारा वेगळंच कोडं सोडवत बसतो. पाळी कुणाची, चाली किती, कोणत्या मोहऱ्याने मात हवी, हे सगळं अटीत आलं पाहिजे.

मोहऱ्याची अट ही आपल्याकडची जुनी आवड. देशी बुद्धिबळात प्याद्याने केलेली मात सगळ्यात मानाची समजली जाई. १८१४ साली मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचं पेचदार मांडण्यांचं पुस्तक इंग्रजीत छापलं गेलं, ते याच मातीतलं. तिकडे अमेरिकेतला कोडी रचणारा सॅम लॉइड याने १८६१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या 'एक्सेलसिअर' या कोड्यात बी२ वरचं प्यादं पाच चालींत ए८ पर्यंत नेऊन मात करवली, आणि तेही मात करायला सगळ्यात बिनकामाचं वाटावं असं प्यादं. मला ते कोडं आवडतं, कारण प्याद्याची प्रत्येक चाल पटाच्या गरजेतून येते.

संगणकावर विसंबणं

स्टॉकफिश हे बुद्धिबळ खेळणारं इंजिन, म्हणजे संगणकाचा प्रोग्रॅम; तो मात शोधतो आणि थांबतो. मात दुसऱ्या रस्त्यानेही निघते का, हे तो आपणहून सांगत नाही. एकापेक्षा जास्त पर्याय दाखवायला मुद्दाम सांगावं लागतं. कोडी तपासायला 'पोपाय' हा मोफत प्रोग्रॅम जास्त उपयोगी, कारण तो सगळ्या उकली मोजून देतो आणि हेल्पमेट, सेल्फमेटही जाणतो.

मात्र मांडणीचा इतिहास इंजिनला ठाऊक नसतो. मांडणी लिहायच्या फेन पद्धतीत कॅसलिंगचे हक्क आणि एन पासांचं घर वेगळं लिहावं लागतं, आणि तुम्ही जे लिहाल ते यंत्र खरं मानतं. लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळाच्या पट मांडायच्या पानावरही कॅसलिंगच्या खुणा आपणच करायच्या असतात. 'इंजिनला माझं उत्तर सापडत नाही' ही तक्रार घेऊन कुणी आलं की मी आधी त्या खुणा बघतो.

कोडं फुटलंच तर

लगेच नवी मोहरी ओतू नका. आधी पूर्ण मांडणी आरशात धरल्यासारखी उलटवून किंवा एका रांगेने सरकवून बघा. बाजूला प्यादी किंवा दुसरी मोहरी असतील तर त्यांच्याशी होणारी टक्कर अशाने कधी कधी सुटते. पहिलं तीन मोहऱ्यांचं कोडं उलटवता येतं: राजा एफ६, प्यादं एफ७, काळा राजा एच७. प्याद्याचा हत्ती, राजा एच६, हत्ती एच८, मात. पण तेच कोडं एक रांग आत सरकवून काळा राजा बी७ वर आणलात, तर वजीर केल्यावर त्याला ए६ आणि ए७ ही घरं मिळतात, स्टेलमेट नाहीसा होतो, आणि हत्ती करायचं कारणच उरत नाही. हे कोडं पटाच्या कडेवरच जगतं.