त्रेचाळीस ऑक्सिजन

शाळेत माझं रसायनशास्त्र म्हणजे निव्वळ घोकंपट्टी. पहिली वीस मूलद्रव्यं आरतीसारखी धडाधड म्हणायचो. मध्येच कुणी "तेरावं कुठलं?" विचारलं की पुन्हा हायड्रोजनपासून सुरुवात.

सहामाहीला अ‍ॅल्युमिनिअम सल्फेटचं रेणुसूत्र आलं. मी लिहिलं: एएल, खाली २, पुढे एसओ, खाली ४ आणि त्याला चिकटूनच ३. सरांनी वर्गात पेपर उंच धरला. "हे त्रेचाळीस ऑक्सिजन कुठून आणलेस रे?"

कंस राहिला होता. सल्फेट म्हणजे एक गंधक आणि चार ऑक्सिजन, कायम जोडीने फिरणारी टोळी. ती अख्खी तीनदा घ्यायची, म्हणून टोळीभोवती कंस आणि कंसाबाहेर ३. वाचताना 'होल थ्राइस' म्हणतात ते याचसाठी. अ‍ॅल्युमिनिअमची संयुजा (इतरांशी जोडलं जाण्याची क्षमता) ३, सल्फेटची २. दोन अ‍ॅल्युमिनिअमचे सहा, तीन सल्फेटचे सहा, हिशोब फिटला. तिरकस गुणाकाराची युक्ती (एकाची संयुजा दुसऱ्याच्या खाली लिहायची) सगळेच शिकवतात, पण हा हिशोब न बघता ती वापरली की मॅग्नेशियम ऑक्साइडला दोन-दोन लिहून मोकळे होतो. तिथे एकास एक पुरतं.

संमिश्र मूलकं, म्हणजे सल्फेटसारख्या टोळ्या, आणि त्यांच्या संयुजा मात्र पाठच करा, तिथे सुटका नाही: नायट्रेट, हायड्रॉक्साइड, अमोनिअम १; सल्फेट, कार्बोनेट २; फॉस्फेट ३. संज्ञांचा बाऊ नको. सोडियमला एनए का, तर लॅटिन नाव नेट्रियम. शिशाचं प्लंबम, म्हणून पीबी. नळवाला प्लंबर झाला तोही त्यातूनच, कारण पूर्वी नळ शिशाचे असत.

एकेका मूलद्रव्याची संयुजा पाठ करायची गरज नाही, हे मला फार उशिरा कळलं. सोडियमचं इलेक्ट्रॉन संरूपण, म्हणजे आतून बाहेर एकेका कवचातले इलेक्ट्रॉन, २, ८, १. आवर्तसारणीत, म्हणजे मूलद्रव्यांच्या तक्त्यात, त्याखालच्या पोटॅशियमचं २, ८, ८, १. शेवटी एकच, म्हणून दोघांची संयुजा १. उभा स्तंभ म्हणजे एकाच वळणाचं घराणं. मधले धातू तेवढे लहरी. लोखंड कधी २, कधी ३.

या घराण्यांवर रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्हचा इतका भरवसा होता की १८६९ च्या सारणीत त्याने चक्क रिकाम्या जागा सोडल्या. अ‍ॅल्युमिनिअमखालच्या जागेला पुढे त्याने नाव दिलं एका-अ‍ॅल्युमिनिअम. त्यातलं 'एका' म्हणजे संस्कृतातलं एक. १८७५ मध्ये फ्रान्समध्ये ते मूलद्रव्य सापडलं, गॅलियम. शोधणाऱ्याने घनता ४.७ मोजली. मेंडेलीव्हने ते मूलद्रव्य पाहिलंही नव्हतं, तरी कळवलं की पुन्हा मोजा, सहाच्या आसपास यायला हवी. धातू शुद्ध करून पुन्हा मोजली तर ५.९! (हा धातू ३० अंशांच्या आतच वितळतो. आपल्याकडे मे महिन्यात टेबलावरच पाणी.)

छापील तक्ता भिंतीवर लावण्याआधी कोऱ्या कागदावर चौकटी आखा आणि पहिली वीस स्वतः भरा. अ‍ॅल्युमिनिअमखालची चौकट गॅलियमला द्या. आता गॅलियम सल्फेटचं सूत्र लिहून बघा, कंसासकट.