दुबईला पहिल्यांदा येताय? आधी बॅग उघडा

अठरा वर्षं मी दुबईच्या बर दुबई भागात राहते. थंडीच्या दिवसांत आमच्याकडे कोणी ना कोणी पहिल्यांदा दुबई बघायला येतंच. ते विचारतात बुर्ज खलिफाचं तिकीट कधी काढायचं. मी विचारते, बॅगेत खसखस आहे का?

यूएईत खसखशीवर बंदी आहे. ती अफूच्या बोंडातली, म्हणून तिच्याकडे अमली पदार्थ म्हणूनच बघतात. आपल्या फराळात ती कुठे कुठे असते हे बांधाबांध करताना लक्षातच येत नाही. अनारसे, करंजीचं सारण, डिंकाचे लाडू, कुणाकुणाचा गोडा मसाला. माझ्या आत्याने निघायच्या आदल्या रात्री फोनवर कौतुकाने सांगितलं, "अनारसे भरलेत हो तुझ्यासाठी." मी तिला तो डबा तिथेच ठेवायला लावला. तिला फार वाईट वाटलं, मलाही. आता ती माझ्यासाठी तीळ लावून अनारसे करते. विड्याची पानंही आणू नका.

औषधांचं त्याहून जपून. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉल ही वेदनाशामक गोळी, झोपेच्या काही गोळ्या इथे नियंत्रित यादीत आहेत. त्यांना आधी ऑनलाइन परवानगी लागते. बीपी-शुगरच्या गोळ्या मूळ पाकिटातच ठेवा, डॉक्टरांची चिठ्ठी सोबत घ्या. सगळ्या गोळ्या एकाच डबीत ओतून आणू नका.

विमान टर्मिनल १ किंवा ३ ला उतरलं तर दारातच मेट्रो आहे. टर्मिनल २ ला नाही, तिथून टॅक्सी करा. मेट्रोसाठी नोल कार्ड, म्हणजे आधी पैसे भरलेलं प्रवासाचं कार्ड घ्या. आत जाताना आणि बाहेर पडतानाही टेकवायचं. गाडीत खाणं, पाणी पिणं, च्युइंगगम, सगळ्याला १०० दिरहम दंड. बायका-मुलांचा डबा वेगळा असतो, जास्त भाड्याच्या गोल्ड क्लासचाही. गर्दीत घाईने चढताना पुरुष मंडळी चुकून तिथे शिरतात, म्हणून फलाटावरच्या खुणा बघून उभे राहा. रस्ता झेब्रा क्रॉसिंगवरूनच ओलांडा, मधूनच पळालात तर ४०० दिरहम जातात. अनोळखी माणसांचे, विशेषतः बायकांचे फोटो न विचारता काढू नका.

आता माझ्या आवडीचं. एक संध्याकाळ मॉलला न देता खाडीला द्या. बर दुबईहून देराला जाणारी लाकडी होडी, अब्रा, एका दिरहममध्ये पलीकडे नेते. नाणं हातात ठेवा. पलीकडे उतरलात की मसाल्यांचा बाजार, आणि तिथून चालत सोन्याचा. सोन्याचा त्या दिवसाचा भाव दुकानात लावलेला असतो, त्यावर घासाघीस होत नाही. घडणावळीवर मात्र नक्की करा. चार दुकानं फिरा, कुणी काही म्हणत नाही. वर ५ टक्के व्हॅट लागतो. २५० दिरहमच्या वर खरेदी असेल तर दुकानात पासपोर्ट दाखवून व्हॅटच्या परताव्याची नोंद करून घ्या, आणि परतताना विमानतळावर बॅग चेक-इन करण्याआधी ती पक्की करा. भारतात बाईला ४० ग्रॅम, पुरुषाला २० ग्रॅम दागिने करमुक्त नेता येतात असं सगळे सांगतात. ती सवलत वर्षाहून जास्त परदेशात राहिलेल्यांना आहे, आठ दिवसांच्या सहलीला नाही.

प्लगला ब्रिटिश पद्धतीच्या तीन चौकोनी पिना लागतात. जून ते सप्टेंबर शक्यतो येऊच नका, चाळिशीच्या वरच्या उन्हात लहान मुलं आणि म्हातारी माणसं कोमेजतात.

आणि व्हॉट्सअॅपवर मेसेज जातात, कॉल लागत नाहीत. विमानात बसण्याआधीच घरी हे सांगून ठेवा. इथे रात्रीचे दहा म्हणजे तिकडे साडेअकरा, आणि आई फोनची वाट बघत जागी असते.