मालकाच्या खिशावर चालणारा क्लब: हिशोब कसा बघायचा

आपल्या आवडत्या फुटबॉल क्लबला श्रीमंत मालक मिळाला की आपण पहिलं काय बघतो, तर त्याच्याकडे किती पैसा आहे. ते बघूच नका. बघायचं एवढंच की पैसा क्लबपर्यंत कुठल्या वाटेने येतो आणि ती वाट उद्या बंद झाली तर पगार किती महिने निघतील. इंग्लंडमधल्या क्लबांचं हे घरबसल्या फुकट बघता येतं, फक्त एक संध्याकाळ काढा.

मी ब्लॅकबर्न रोव्हर्स घेतो, कारण त्यांचे मालक वेंकीज, म्हणजे आपल्या पुण्याचे पोल्ट्रीवाले, नोव्हेंबर 2010 मध्ये त्यांनी 2.3 कोटी पौंडांना क्लब घेतला.

कंपनीज हाऊस, म्हणजे ब्रिटनमधलं कंपन्यांची नोंदणी करणारं सरकारी ऑफिस, त्याच्या साईटवर जाऊन क्लबचं नाव टाका. बहुतेक वेळा एकापेक्षा जास्त कंपन्या निघतात, एक क्लब चालवणारी आणि तिच्या डोक्यावर मालकाची, इथे ती वेंकीज लंडन लिमिटेड. दोन्ही उघडा, कारण कर्ज कधी खालच्या कंपनीत दिसतं तर कधी वरच्या. 'फायलिंग हिस्ट्री'मध्ये अकाउंट्सची, म्हणजे वर्षाच्या हिशोबाची पीडीएफ असते. ब्लॅकबर्नचं वर्ष 30 जूनला संपतं आणि प्रायव्हेट कंपनीला अकाउंट्स भरायला नऊ महिने मिळतात, म्हणजे आपण वाचतो ते चित्र बऱ्यापैकी जुनं असतं.

आधी टर्नओव्हर (वर्षाची कमाई) आणि 'स्टाफ कॉस्ट्स' (पगार) शोधा, पगाराला टर्नओव्हरने भागा. युएफा, म्हणजे युरोपच्या फुटबॉलची संघटना, तिची मर्यादा 70 टक्के आहे आणि तीही पगार, ट्रान्सफर, एजंट सगळं धरून. चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या दुसऱ्या पायरीच्या लीगमध्ये, 2021-22 ला नुसते पगारच कमाईच्या 108 टक्के होते, म्हणजे शंभर रुपये आले आणि एकशेआठ पगारातच गेले, लाईटबिल, प्रवास, मैदानाची देखभाल अजून बाकीच. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मालक ओततो म्हणून येतं.

मग तोटा बघताना खेळाडू विकून आलेला नफा बाजूला काढून बघा, खरा खड्डा तिथे कळतो.

आता मालक पैसे देतो ते कर्ज म्हणून की शेअर्स घेऊन, हे बघा. शेअर्समध्ये टाकलेला पैसा परत मागता येत नाही, कर्ज मागता येतं. चेल्सीवर त्यांचा तेव्हाचा रशियन मालक अब्रामोविचचं सुमारे दीड अब्ज पौंडांचं कर्ज होतं, त्याने ते परत मागणार नाही असं जाहीर केलं म्हणून निभावलं, पण मार्च 2022 मध्ये ब्रिटन सरकारने त्याच्यावर निर्बंध लावल्यावर युरोपातला एवढा मोठा क्लब, त्याचं दुकान बंद झालं, नवीन तिकिटं विकता येईनात, बाहेरच्या मॅचच्या प्रवासाला 20,000 पौंडांची मर्यादा आली.

सगळ्यात महत्त्वाचा पॅरा 'गोइंग कन्सर्न'चा, म्हणजे क्लब पुढे चालू राहू शकेल का याचा, आणि तोच कुणी वाचत नाही. मालक किंवा त्याची मूळ कंपनी पुढचे किमान बारा महिने पैसे पुरवेल का हे तिथे लिहिलेलं असतं. ब्लॅकबर्नचा पैसा भारतातून जातो आणि इथे परकीय चलनाच्या कायद्याखाली चौकशी चालू असल्याने 2023 मध्ये पैसे पाठवायला दिल्ली हायकोर्टाची परवानगी आणि तेवढ्याच रकमेची बँक गॅरंटी लागायला लागली. मालकाकडे पैसा होता, अडली ती वाट. अशा वेळी खेळाडू विकूनच पैसा उभा राहतो. फेब्रुवारी 2024 मध्ये लहानपणापासून अकॅडमीत वाढलेला अ‍ॅडम व्हार्टन क्रिस्टल पॅलेसला गेला, तेव्हा खरंच जीव तुटला.

याच क्लबने जॅक वॉकर या गावच्याच स्टीलवाल्याच्या पैशावर 1995 ला प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडची सगळ्यात वरची लीग, जिंकली होती आणि तो 2000 मध्ये वारल्यावरही कुटुंबाच्या ट्रस्टने क्लब सांभाळला. स्कॉटलंडच्या ग्रेटना क्लबचं तसं झालं नाही. जेमतेम तीन हजार वस्तीचं गाव, 2006 ला स्कॉटिश कपची फायनल, 2007 ला सगळ्यात वरच्या लीगमध्ये, आणि 2008 ला मालक ब्रुक्स माइलसन आजारी पडला, पैसा थांबला, काही महिन्यांत क्लबच संपला. म्हणून विचारा, मालकाच्या मागे कोण?

आणि हो, स्टेडियम कुणाच्या नावावर आहे तेही बघा. डर्बी काउंटी क्लबच्या मालकाने 2018 मध्ये लीगच्या पैशांच्या नियमात बसायला त्यांचं स्टेडियम प्राइड पार्क स्वतःच्याच दुसऱ्या कंपनीला 8.1 कोटी पौंडांना विकलं, त्या वर्षी ताळेबंद छान दिसला, 2021 ला क्लब अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये (देणी भागेनात म्हणून कारभार बाहेरच्या प्रशासकाकडे) गेला, एकूण 21 पॉइंट कापले गेले आणि टीम खालच्या लीगमध्ये उतरली. काही गहाण आहे का ते त्याच साईटवर 'चार्जेस'च्या टॅबमध्ये दिसतं.

दरवर्षी नवीन अकाउंट्स आले की मागच्या वर्षीच्या शेजारी ठेवून गोइंग कन्सर्नचा पॅरा शब्दन् शब्द ताडून बघा. आधी 'मालक पैसे देईल' होतं आणि आता 'देण्याचा इरादा आहे' झालं असेल, किंवा ऑडिटरने 'मटेरियल अनसर्टन्टी' (क्लब चालू राहील का याची मोठी शंका) हे शब्द घातले असतील, तर फॅन्सच्या पुढच्या मीटिंगला तेच पान प्रिंट काढून घेऊन जा.